गुरांच्या साथी आणि बाजारबंदी

सांगोला हे नाव इतिहासाच्या अभ्यासकाला आठवते ते १७५० सालच्या करारामुळे. छत्रपतींच्या गादीकडील कारभाराची सूत्रे पेशव्यांच्या हाती गेली, ती ह्या गावी. परंतु माणदेशातील शेतकऱ्याला सांगोला ठाऊक आहे ते आठवड्याच्या जनावरांच्या बाजारासाठी. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, चपळ खिलार जात ह्याच कोरड्या मुलखाने जोपासली. आणि तिच्या खरेदीविक्रीवर ह्या तालुक्यातील अनेक घरांचे वर्षाचे गणित बसते. राजकीय करारांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. आज ह्या दुसऱ्या सांगोल्याचा, म्हणजे बाजार भरण्याचा आणि सरकारी हुकुमाने तो बंद होण्याचा, विचार करावयाचा आहे.

साथीच्या वेळी जनावरे हलवू नयेत, ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीत गुरांची भयंकर साथ पसरली, तेव्हा पोपचा वैद्य लॅन्सिसी ह्याने रोगी गुरे मारून टाकावीत आणि वाहतूक रोखावी असा सल्ला दिला. १८६५ साली इंग्लंडात तीच साथ शिरली. आरंभी तेथील सरकार कचरले. व्यापाराच्या स्वातंत्र्याला हात कसा लावावयाचा, हा वाद माजला. लाखो गुरे दगावल्यावर १८६६ साली कडक कायदा झाला, आणि मग साथ ओसरू लागली. रोगावर औषध ठाऊक नसतानाही केवळ हालचाल थांबवून आणि रोगी जनावरे मारून साथ मोडता येते, हे त्या अनुभवाने सिद्ध झाले.

हा रोग म्हणजे आपल्याकडील बुळकांडी. मद्रास इलाख्यात १८६६ सालीच गुरांच्या रोगांविषयी कायदा झाला. पुढे हिंदुस्थान सरकारने हॅलेन ह्यांच्या नेतृत्वाखाली आयोग नेमला आणि १८७१ साली त्याचा अहवाल आला. विलायतेतील उपाय इकडे जसाच्या तसा लागू होणे शक्य नव्हते. ज्या देशात गोवध हा धर्माचा प्रश्न आणि बैल हा शेतीचा कणा, तेथे रोगी गुरे सरसकट मारण्याचा हुकूम कोण मानणार? तेव्हा हाती राहिले दोन उपाय: रोगी जनावर वेगळे बांधणे आणि ये-जा थांबवणे. तिसरा उपाय शोधण्यासाठी १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. डॉ. लिंगार्ड तिचे प्रमुख होते. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली, आणि तेथेच १९२७ च्या सुमारास एडवर्ड्स ह्यांनी बकऱ्यांच्या शरीरात वाढवलेल्या विषाणूपासून बुळकांडीची लस सिद्ध केली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बुळकांडी-निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. गावोगाव टोचणी झाली, तपासणी नाकी बसली. भारतातील शेवटचा रुग्ण १९९५ साली आढळला आणि २०११ साली हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग होय.

एका रोगाला निरोप दिला म्हणून साथींचा इतिहास संपला नाही. १९२९ साली आफ्रिकेतील झांबियात प्रथम दिसलेला लम्पी चर्मरोग २०१९ साली ओडिशात पोहोचला. २०२२ च्या ऑगस्टात तो जळगाव जिल्ह्यात दिसला आणि झपाट्याने पसरला. सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या आधारे सबंध राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. गाई-बैलांची वाहतूक, बाजार, जत्रा, प्रदर्शने, शर्यती ह्यांवर बंदी आली. पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतील जनावरांचा बाजारही त्या वर्षी भरला नाही.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. लम्पी मुख्यतः माश्या, डास, गोचीड ह्यांच्या चाव्याने पसरतो. आणि माशीला तालुक्याची हद्द कळत नाही. मग बैल अडवून काय साधले? उत्तर असे की माशी रोग एका गोठ्यातून शेजारच्या गोठ्यात नेते. परंतु एका रात्रीत शंभर कोसांवर नेतो तो मालमोटारीत चढवलेला बैल. बाजार म्हणजे तर दहा तालुक्यांतील जनावरांची एकाच दावणीला झालेली गाठ. बंदीने साथ मरत नाही, तिची उडी आखूड होते. आणि तेवढ्या अवधीत टोचणी पुढे जाऊ शकते. त्या साली शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना देण्यात आली, ती ह्याच मुदतीचा उपयोग करून.

आपल्याकडे पूर्वी पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा वेशीपलीकडे नेऊन सोडण्याची चाल होती. पीडा आपल्या शिवेबाहेर घालवली की सुटलो, ही त्यामागील भावना. कायद्याची दृष्टी नेमकी उलट आहे: पीडा जेथे आहे तेथेच अडवून धरा. अंगावर गाठी दिसू लागताच जनावर स्वस्तात विकून मोकळे होणे, हा मरीआईच्या गाड्याचाच नवा अवतार होय. कायद्याला खरी झुंज द्यावी लागते ती ह्या वृत्तीशी.

परंतु ह्या वृत्तीला केवळ अज्ञान म्हणून हिणवणे न्यायाचे नाही. माणदेशात बैल ही नुसती शक्ती नव्हे, ती ठेव आहे. पाऊस हुकला, लग्न ठरले, दुखणे आले, की दाव्याचा बैल बाजारात जातो. बाजार बंद होणे म्हणजे ह्या पेढीला कुलूप लागणे. २०२२ साली शासनाने मेलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये साहाय्य दिले, हे योग्यच झाले. पण ज्याचे जनावर धडधाकट होते आणि तरीही विकता आले नाही, त्याचा तोटा ह्या हिशेबात कोठेच बसत नाही. इतरांची गुरे वाचावीत म्हणून त्याने सोसलेली ती अडचण आहे.

२००९ च्या कायद्याने मालकावर पहिले कर्तव्य घातले आहे ते रोगाची खबर देण्याचे. सारी इमारत ह्या एका खबरीवर उभी आहे. नाक्यावरचा शिपाई ट्रक अडवील. गोठ्यातील पहिली गाठ मात्र मालकालाच दिसते. खबर दिल्याने आपण बुडणार, असे त्याला वाटले तर तो गप्प राहील. डॉक्टर येईल, लस मिळेल, अडचणीच्या महिन्यांत हात मिळेल असा भरवसा असेल तर तो आपण होऊन सांगेल. इंग्लंडला कडक कायद्याने वाट दाखवली; आपल्याला बुळकांडीपासून सोडवले ते लशीने आणि चार दशके गावोगाव फिरलेल्या माणसांवरील लोकांच्या विश्वासाने. पुढची साथ येईल तेव्हा बाजार पुन्हा बंद करावा लागेल, ह्यात शंका नाही. तो बंद ठेवण्याची किंमत एकट्या बैलवाल्याने मोजावयाची की सर्वांनी वाटून घ्यावयाची, हे साथ येण्यापूर्वीच ठरवून ठेवले पाहिजे.