वेबकॅम सुरू का होत नाही?

सकाळी अकराला संगणकावरून मुलाखत आहे. अकराला पाच मिनिटे उरली असताना पडद्यावर आपल्या चेहऱ्याऐवजी काळा चौकोन दिसतो. अशा प्रसंगी मनात येणारा पहिला विचार म्हणजे 'कॅमेरा बिघडला' आणि दुसरा म्हणजे 'ड्रायव्हर नव्याने टाकून पाहू'. यांपैकी पहिला क्वचितच खरा असतो आणि दुसऱ्यात बहुधा नुसता वेळ जातो. (खरोखरच पाच मिनिटे उरली असतील, तर संगणकाचा नाद सोडून मोबाइलवरून मुलाखतीत सामील व्हावे आणि हा लेख सवडीने वाचावा.)

वेबकॅम हे उपकरण मुळात साधे आहे. पुढे एक भिंग, त्यामागे प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारा सेन्सर, ती माहिती आटोपशीर करणारी चिप आणि ती संगणकाकडे पोहोचविणारी यूएसबीची वायर, एवढाच त्याचा संसार. लॅपटॉपच्या चौकटीत बसविलेला कॅमेराही आतून बहुधा यूएसबीनेच जोडलेला असतो. त्यात झिजण्यासारखे फारसे काही नसते. मात्र भिंगापासून पडद्यापर्यंतच्या प्रवासात या चित्राला अनेक दरवाजे ओलांडावे लागतात. भिंगावरचे झाकण, यूएसबी पोर्ट, ड्रायव्हर, विंडोजची परवानगी, ब्राउझरची परवानगी आणि अखेरीस ज्या संकेतस्थळावर संभाषण व्हायचे त्याची परवानगी, यांपैकी एक जरी दरवाजा बंद असला तरी परिणाम एकच, काळा पडदा. म्हणून दुरुस्तीपेक्षा तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

ड्रायव्हरची भीती कोठून आली?

ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि संगणक यांच्यातील दुभाष्या. एके काळी वेबकॅमची सारी डोकेदुखी त्याच्यापाशीच होती, हे खरे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावण्यात आला. भांड्यात कॉफी शिल्लक आहे की नाही, हे जागेवरून न उठता कळावे, एवढाच त्यामागचा हेतू. नोव्हेंबर १९९३ पासून ते चित्र इंटरनेटवर साऱ्या जगाला दिसू लागले आणि २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद करण्यात आला. जगातील पहिला वेबकॅम म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. घरोघरच्या संगणकांसाठी १९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीचा 'क्विककॅम' आला. त्याचे चित्र कृष्णधवल होते.

त्यानंतरची काही वर्षे प्रत्येक कॅमेऱ्यासोबत त्याची स्वतंत्र सीडी येत असे. सीडी हरवली की कॅमेरा शोभेची वस्तू झाला म्हणून समजावे! ही कटकट मिटविण्यासाठी २००३ मध्ये 'यूएसबी व्हिडिओ क्लास', संक्षेपाने यूव्हीसी, हे सामायिक मानक ठरविण्यात आले. या मानकाप्रमाणे बनविलेल्या कॅमेऱ्याला स्वतःच्या ड्रायव्हरची गरज उरत नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांकडेही तो दुभाष्या तयारच असतो. आज दुकानात मिळणारे बहुतेक सर्व वेबकॅम याच जातीचे आहेत. त्यामुळे 'मोफत वेबकॅम ड्रायव्हर' अशा जाहिराती करणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवरून काहीही उतरवून घेऊ नये. तेथे ड्रायव्हरच्या नावाखाली भलतेच काही गळ्यात पडण्याचा धोका असतो.

प्रथम डोळ्यांनी पाहावे

अनेक लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तांदळाच्या दाण्याएवढी सरकपट्टी असते. काहींच्या बाजूला बटण असते, तर काहींच्या की-बोर्डवर वरच्या ओळीत कॅमेऱ्याचे, त्यावर तिरकी रेघ ओढलेले चित्र असलेली कळ असते. पुसताना वा पिशवीत ठेवताना ही पट्टी नकळत सरकते. प्रस्तुत लेखकाने एकदा अख्खी दुपार ड्रायव्हर काढण्या-घालण्यात दवडली आणि संध्याकाळी घरातील शाळकरी मुलीने येऊन नखाने ती पट्टी सरकविली. तेव्हापासून पहिली नजर तेथेच जाते.

कॅमेऱ्याशेजारचा छोटा दिवा येथे मोठी मदत करतो. दिवा लागला आहे पण चित्र काळे आहे, तर कॅमेरा चालू असून भिंगापुढे काहीतरी आले आहे, असे बहुधा समजावे. दिवा नाही आणि संगणक 'कॅमेरा सापडला नाही' म्हणतो, तर वायर, पोर्ट किंवा लॅपटॉपचे बटण यांच्याकडे वळावे. काही लॅपटॉपमधील बटण कॅमेऱ्याचा वीजपुरवठाच तोडते व मग संगणकाच्या लेखी तो कॅमेरा अस्तित्वातच नसतो. दिवा नाही, पण यादीत कॅमेऱ्याचे नाव दिसते आहे, तर अडचण परवानगीची आहे किंवा दुसरा एखादा प्रोग्रॅम कॅमेरा अडवून बसला आहे.

अर्धे काम करणारी एक चाचणी

सर्व प्रोग्रॅम आणि ब्राउझर पूर्णपणे बंद करावेत आणि विंडोजमधील 'कॅमेरा' हा प्रोग्रॅम उघडावा. मॅकवर हेच काम 'फोटो बूथ' करतो. येथे चित्र दिसले तर भिंग, वायर, पोर्ट आणि ड्रायव्हर हे चारही एका झटक्यात निर्दोष ठरतात. मग दोष आहे तो पुढच्या टप्प्यात, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून संभाषण करावयाचे आहे त्यात. येथेही चित्र आले नाही, तर विंडोज एक लांबलचक सांकेतिक क्रमांक दाखविते. त्याला घाबरून खिडकी बंद न करता त्याचे शेवटचे चार आकडे पाहावेत. ४२४४ असतील तर कॅमेरा सापडलेला नाही. ४२४३ असतील तर कॅमेरा सापडला आहे, पण तो दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे. दुसऱ्या प्रकारात संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे हा सर्वांत सोपा उपाय. खिडकी बंद केल्यावरही झूम किंवा टीम्ससारखे प्रोग्रॅम पडद्याआड चालू राहू शकतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

परवानग्यांचे जाळे

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'कॅमेरा' असे जावे. (विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तरीही ती वापरणाऱ्यांस हेच पान 'प्रायव्हसी' या विभागात सापडेल.) येथे सर्वांत वर संपूर्ण संगणकासाठी एक स्विच असतो, त्याखाली प्रोग्रॅमसाठी दुसरा आणि पार तळाशी 'डेस्कटॉप अ‍ॅप्स'साठी तिसरा. घोटाळा होतो तो या तिसऱ्याने. क्रोम, फायरफॉक्स यांसारखे ब्राउझर त्याच्या अखत्यारीत येतात आणि वरची यादी वाचून समाधान पावलेला माणूस खाली उतरतच नाही. कार्यालयाच्या संगणकावर हे स्विच हलत नसतील, तर ते संस्थेच्या संगणक विभागाने रोखलेले असतात; तेथे स्वतः खटपट करण्यात अर्थ नाही. काही अँटिव्हायरस प्रोग्रॅमही 'वेबकॅम संरक्षण' या नावाने स्वतःचे कुलूप लावतात, तेही पाहावे. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये याच नावाच्या विभागात ही परवानगी असते आणि ती दिल्यानंतर तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

पुढचा पहारेकरी ब्राउझर. एखाद्या संकेतस्थळाने कॅमेरा मागितला असता घाईघाईत एकदा 'ब्लॉक' दाबले गेले की ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारतही नाही. पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावर क्लिक करून ही नोंद बदलावी व पान नव्याने उघडावे. पत्त्याची सुरुवात 'एचटीटीपीएस'ने होत नसेल, तर आजचे ब्राउझर त्या पानाला कॅमेरा देतच नाहीत. तेथूनच कॅमेऱ्यांची यादीही तपासावी. दोन कॅमेरे असतील किंवा ओबीएससारख्या प्रोग्रॅमचा 'व्हर्च्युअल' कॅमेरा यादीत असेल, तर अनेकदा भलताच निवडलेला आढळतो.

जुने संगणक सांभाळून ठेवलेल्या घरांत आणखी एक प्रकार दिसतो. कॅमेरा ठीक असतो, पण ज्यावर बोलायचे ती सेवाच उरलेली नसते. याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये बंद झाला, फ्लॅश प्लेअर २०२० च्या अखेरीस आणि स्काइप मे २०२५ मध्ये. परदेशातील मुलाशी बोलण्यासाठी दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेली मांडणी आज चालली नाही, तर त्यात कॅमेऱ्याचा काय दोष?

आता ड्रायव्हर

इथवर काही साधले नाही, तरच 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. स्टार्टच्या चिन्हावर उजवे क्लिक केल्यास तो सापडतो. 'कॅमेराज' किंवा 'इमेजिंग डिव्हायसेस' या शीर्षकाखाली कॅमेऱ्याचे नाव असते. नावाजवळ खाली रोखलेला बाण असेल तर कॅमेरा केवळ थांबविलेला आहे; उजवे क्लिक करून 'एनेबल' करावे. पिवळा त्रिकोण असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज कॅमेरा स्वतःच ओळखून ड्रायव्हर बसविते. लॅपटॉपसाठी निराळा ड्रायव्हर लागलाच, तर तो लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलचा नेमका क्रमांक पाहून घ्यावा.

कधी कधी चूक खरोखरच विंडोजची असते. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर असंख्य लोकांचे चांगले चाललेले वेबकॅम मध्येच गोठू लागले. कॅमेऱ्याकडून आकुंचित स्वरूपात येणारे चित्र प्रोग्रॅमपर्यंत थेट पोहोचविण्याची पद्धतच मायक्रोसॉफ्टने बदलली होती. अद्ययावतीकरणाच्या दुसऱ्याच दिवशी कॅमेरा बंद पडला असेल, तर ड्रायव्हरच्या गुणधर्मांतील 'रोल बॅक ड्रायव्हर' हा पर्याय वापरून पाहावा.

वायर, हब आणि अटकणारे चित्र

चित्र दिसते, पण अडखळते किंवा अधूनमधून नाहीसे होते, तर थोडे गणित करावे. १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूस २ बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे, असा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट माहिती होते. यूएसबी २.० ची कमाल क्षमता कागदावर ६० मेगाबाइट. म्हणजे कॅमेऱ्याने चित्र आकुंचित केल्याशिवाय ते त्या वायरीतून जाऊच शकत नाही. त्याच हबवर हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह लावले असतील तर ओढाताण होणारच. कॅमेरा हबऐवजी थेट संगणकाच्या पोर्टला, आणि डेस्कटॉप असेल तर मागील बाजूच्या पोर्टला जोडावा. लांब एक्स्टेंशन वायर टाळावी. एवढे करूनही चित्र अडखळले, तर प्रोग्रॅममध्ये चित्राचा आकार कमी करावा. बोलण्यासाठी १२८० बाय ७२० पुरेसे होते.

चित्र येते, पण चांगले नाही

आपल्याकडे सर्रास आढळणारी तक्रार म्हणजे पडद्यावर सरकणारे आडवे पट्टे. भारतातील विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ, तर अमेरिकेतील ६० हर्ट्झ. त्यामुळे आपल्याकडील अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण ६० हर्ट्झ धरून चाललेल्या कॅमेऱ्याला कळते आणि तेच पट्ट्यांच्या रूपाने दिसते. विंडोजच्या 'कॅमेरा' प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये 'फ्लिकर रिडक्शन' ५० हर्ट्झवर ठेवावे.

चेहरा काळवंडलेला दिसत असेल, तर बहुधा पाठीमागे खिडकी असते. खुर्ची फिरवून उजेड समोरून घ्यावा. रात्रीच्या अपुऱ्या उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ घेतो आणि हालचाल तुटक होते. त्याचा दोष इंटरनेटला दिला जातो, पण टेबलावरचा दिवा लावताच चित्र सुधारते. स्वस्त कॅमेऱ्यांचे भिंग हाताने फिरवून फोकस करावे लागते. ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते आणि 'धूसर दिसतो' म्हणून कॅमेरा परत करण्यापर्यंत पाळी येते.

कॅमेरा सुरू झाल्यानंतर

चिडून सर्व परवानग्या सरसकट खुल्या केल्या असतील, तर काम झाल्यावर ज्यांची गरज नाही त्या काढून घ्याव्यात. त्या पहाऱ्याचा त्रास झाला तरी तो आपल्यासाठीच आहे. दिव्यावर डोळे झाकून विसंबू नये. २००८ पूर्वीच्या काही मॅकबुकमधील कॅमेरा दिवा न लावताही सुरू करता येतो, हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. मार्क झुकरबर्ग यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली असल्याचे छायाचित्र २०१६ मध्ये गाजले होते. मात्र मॅकबुकवर जाड झाकण लावून तो मिटल्यास पडदा तडकू शकतो, असा इशारा ॲपलने २०२० मध्ये दिला आहे. तेथे कागदाचा पातळ तुकडाच बरा.

कॅमेरा दुरुस्त करून देतो म्हणून दूरध्वनीवरून संगणकाचा ताबा मागणाऱ्या अनोळखी व्यक्तीस तो कदापि देऊ नये. तसेच व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेरा बंद करू नका' असे कोणी धमकावले, तर भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही हे ध्यानात ठेवून कॉल तत्काळ तोडावा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वेगळा यूएसबी कॅमेरा असेल तर एरवी त्याची वायर काढूनच ठेवावी.