साथीचा माग काढणारे आरोग्य कर्मचारी : काय असतं हे प्रशिक्षण?

थेरगाव : घरात कुणाला जुलाब, कावीळ नाहीतर डेंग्यू झाला की दोन-चार दिवसांत आशाताई किंवा आरोग्यसेवक दारात उभे राहतात. नाव काय, वय काय, पाणी कुठलं पिता, मागच्या आठवड्यात बाहेर कुठं जेवलात का? बरेच जण वैतागतात. गोळ्या द्यायच्या सोडून ही चौकशी कशाला, असं वाटतं. पण साथीचं मूळ बहुतेक वेळा याच चौकशीतून सापडतं. ती कशी करायची आणि आलेल्या माहितीतून निष्कर्ष कसा काढायचा, याचं रीतसर प्रशिक्षण असतं. त्याला फील्ड एपिडेमिऑलॉजी, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायचं साथरोगशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, काम मात्र पोलीस तपासासारखं.

पुणे जिल्ह्यातलं ताजं उदाहरण जीबीएसचं. जानेवारी 2025 मध्ये हातापायातली ताकद गेलेले रुग्ण पुण्यातल्या दवाखान्यांत एकापाठोपाठ यायला लागले. गुलेन बॅरी सिंड्रोम हा तसा क्वचित दिसणारा आजार. त्यामुळं थोड्या दिवसांत इतके रुग्ण येणं हीच पहिली खूण होती. पत्ते लावून पाहिले तर बरेचसे सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातले निघाले. राज्यानं शीघ्र प्रतिसाद पथक नेमलं, केंद्राचं पथक आलं, घरोघर सर्वेक्षण झालं. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. संशय पाण्यावर गेला. विहिरीचं पाणी तपासलं गेलं, काही खासगी आरओ केंद्रं सील झाली. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. पिंपरी-चिंचवड हद्दीतही रुग्ण निघाले.

यात एक खाच आहे. जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आधी जुलाब किंवा तापासारखा संसर्ग होतो आणि साधारण एक ते तीन आठवड्यांनी हातपाय लुळे पडायला लागतात. म्हणजे रुग्णाला "काल काय प्यायलात?" विचारून उपयोग नाही, मागच्या महिन्यातलं विचारावं लागतं. काविळीचंही तसंच, दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागू शकतात. डेंग्यूत डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस. पटकीत मात्र काही तासांपासून पाच दिवस. कुठल्या रोगात किती मागं जायचं, हे या प्रशिक्षणात पक्कं करून घेतात.

थेरगाव, वाकड, काळेवाडी, तिकडं चाकणपर्यंतच्या पट्ट्यात तर हे काम आणखी अवघड. आधार कार्डावर पत्ता लातूर नाहीतर बुलढाण्याच्या गावचा, खोली थेरगावात, ड्युटी चाकणच्या कंपनीत, जेवण मेसवर आणि पिण्याला जारचं पाणी. आजारी पडल्यावर माणूस कधी जवळच्या दवाखान्यात जातो, कधी सरळ गावाकडची गाडी पकडतो. मग रुग्ण नोंदवला जातो गावाकडं आणि दूषित पाणी राहतं इथंच. म्हणून तपास करणाऱ्यानं "पत्ता काय" यावर थांबायचं नसतं. त्या काळात झोपलात कुठं, पाणी प्यायलात कुठं, कुठल्या शिफ्टला होतात, असं विचारायचं असतं. खोलीमालकाला कळेल म्हणून भाडेकरूंची संख्या कमी सांगितली जाते, ही आणखी एक अडचण.

हे शिक्षण आलं कुठून? अमेरिकेत 1951 मध्ये एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस सुरू झाली आणि त्याच धर्तीवर पुढं ऐंशीहून जास्त देशांत असे कार्यक्रम निघाले. आपल्याकडं चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत 2001 पासून दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रानं 2012 मध्ये भारताची स्वतःची इंटेलिजन्स सर्व्हिस सुरू केली. पण ही मोठी शिक्षणं डॉक्टर-अधिकाऱ्यांची. खालच्या फळीसाठी साधारण तीन महिन्यांचा कार्यक्रम असतो. त्यात वर्ग थोडे, बाकी वेळ आपल्याच नोकरीच्या जागी काम करत शिकायचं. मधला टप्पा नऊ महिने ते वर्षभराचा. दर दोन लाख लोकसंख्येमागं एक प्रशिक्षित माणूस असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मूल्यमापनात धरतात. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाख होती. त्या जुन्या आकड्यावरही आठ-नऊ जण लागतात. आता शहर केवढं वाढलंय ते सगळ्यांना दिसतंच आहे.

महाराष्ट्रानं याची किंमत आधी मोजलेली आहे. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडायला लागले, पिसवा वाढल्या आणि पाठोपाठ प्लेगचे संशयित रुग्ण निघाले. सप्टेंबरात सुरतेत प्लेगनं हाहाकार उडवला, लोक शहर सोडून पळाले. त्यानंतर देशात सर्वेक्षणाची घडी बसवायला सुरुवात झाली आणि 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला. उपकेंद्राची आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर आणि प्रयोगशाळा, तिघांकडून माहिती जाते. या अहवालातला सगळ्यात फसवा शब्द म्हणजे "निरंक". खरंच रुग्ण नाही म्हणून निरंक, की कुणी फिरलंच नाही म्हणून निरंक? प्रशिक्षणात पहिल्यांदा हेच तपासायला लावतात. काम तिथंच निम्मं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आता हिशेब कसा करतात ते पाहू. समजा, लग्नात शंभर जण जेवले आणि रात्री 38 जणांना उलट्या-जुलाब झाले. गाव म्हणणार, टँकरचं पाणी खराब होतं. पण पाणी तर सगळेच प्यायले. म्हणून जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारायचं. बासुंदी खाल्लेल्या 60 पैकी 36 आजारी, न खाल्लेल्या 40 पैकी फक्त 2. म्हणजे एकीकडं शंभरात 60, दुसरीकडं शंभरात 5. बारापट फरक! संशय बासुंदीवर गेला. आपल्याकडं चुकतं ते इथंच, कारण धडधाकट माणसाला कुणी विचारत नाही आणि तोही "मला काय झालंय?" म्हणून दार लावून घेतो.

दुसरी चूक ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. जुलाबाची बातमी आली की शिपाई धावत जाऊन टाकीत भरपूर टीसीएल टाकतो. टीसीएल टाकायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्याआधी पाण्याचा नमुना घेतला नसेल, तर दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना चांगला येतो आणि कागदावर पाणी निर्दोष सुटतं. शिकलेला कर्मचारी आधी निर्जंतुक बाटलीत नमुना घेतो, ओटी चाचणी करतो, मगच टीसीएल टाकायला लावतो. याला काही मिनिटं लागतात. नमुना फक्त टाकीचा घेऊन चालत नाही, शेवटच्या घराच्या नळाचाही घ्यावा लागतो, कारण गळकी पाइपलाइन गटारातून गेलेली असते ती मधेच.

गावकऱ्यांनी काय करावं? एकाच वस्तीत थोड्या दिवसांत तीन-चार जणांना सारखाच त्रास दिसला, कोंबड्या किंवा उंदीर अचानक मरायला लागले, तर वाट न पाहता आशाताईंना किंवा उपकेंद्रात कळवावं. 104 या आरोग्य हेल्पलाइनवरही फोन करता येतो. भंडाऱ्यात-लग्नात विषबाधा झाल्याचं वाटलं तर उरलेलं अन्न कुणाला खाऊ देऊ नये, पण पथक येईपर्यंत फेकूनही देऊ नये, झाकून थंड जागी ठेवावं. चौकशीला आलेल्या माणसाला जारचं पाणी कुठून घेता, खोलीत किती जण राहता, हे खरं सांगावं.