उभे राहण्याची जागा : ब्रिटनमधील फुटबॉल स्टेडियम आणि त्यांचे चाहते #थ्रेड #इतिहास

(१/१३)
३० एप्रिल १९९४. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड स्टेडियमवर यजमान संघ नॉर्विचकडून ०-१ असा पराभूत झाला; पण त्या दिवशी निकालाला फारसे महत्त्व नव्हते. गोलमागच्या ‘कोप’ नावाच्या पायऱ्यांवर उभे राहून पाहिलेला तो अखेरचा सामना होता. त्यानंतर तेथे खुर्च्या आल्या. हा बदल का घडला, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

(२/१३)
१८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबले. पुढे शनिवारची अर्धी सुटी इतर उद्योगांतही रुजली. सामने शनिवारी दुपारी का होऊ लागले, याचे उत्तर येथे आहे. सहा पेन्स देऊन आत येणाऱ्या कामगाराला खुर्ची मिळत नसे, बहुधा छप्परही नसे. मिळे ती केवळ उभे राहण्याची जागा.

(३/१३)
ही जागा किती धोकादायक असू शकते, हे ५ एप्रिल १९०२ रोजी दिसले. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना सुरू असताना लाकडी पायऱ्यांचा एक भाग कोसळला. २५ जण मृत्युमुखी पडले, पाचशेहून अधिक जखमी झाले. सामना मात्र काही वेळाने पुन्हा सुरू करण्यात आला.

(४/१३)
या मैदानाचे रचनाकार होते आर्चिबाल्ड लीच. मूळचे कारखान्यांच्या इमारती बांधणारे अभियंते. दुर्घटनेनंतर त्यांची कारकीर्द संपली नाही. लाकडी सांगाड्याऐवजी मातीचा भक्कम भराव आणि गर्दीचा रेटा अडवणारे लोखंडी कठडे, ही त्यांची पुढील रचना. गुडिसन पार्क, ओल्ड ट्रॅफर्ड, क्रेव्हन कॉटेज, व्हिला पार्क : अनेक विख्यात मैदानांवर लीच यांचा ठसा उमटला.

(५/१३)
१९०६ मध्ये अ‍ॅनफिल्डवर असाच उंच भराव उभा राहिला. पत्रकार अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्याला नाव दिले ‘स्पिऑन कोप’. ही दक्षिण आफ्रिकेतील टेकडी. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तेथे मारल्या गेलेल्या ब्रिटिश सैनिकांत लँकेशायरचे अनेक जण होते. त्याच रणभूमीवरून जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय रुग्णसेवा पथकात मोहनदास गांधी होते.

(६/१३)
गर्दी वाढतच गेली. १९३७ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला १ लाख ४९ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. खांद्याला खांदा लावून गाणे, गोल होताच लाटेसारखे पुढे सरकणे, अनोळखी माणसाला मिठी मारणे : पायऱ्यांनी चाहत्याला दिलेली ही खरी देणगी. येथे कोणी एकटा नसे.

(७/१३)
तीच गर्दी जीवही घेत होती. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर चेंगराचेंगरीत ३३ जण दगावले. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्सच्याच १३ क्रमांकाच्या जिन्यावर ६६ जणांचा अंत झाला. मैदानांच्या सुरक्षेचा कायदा आला तो १९७५ मध्ये. पहिल्या आयब्रॉक्स दुर्घटनेनंतर तब्बल ७३ वर्षांनी.

(८/१३)
दरम्यान चाहत्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सत्तरच्या दशकात हुल्लडबाजी वाढली आणि मैदानात कोणी उतरू नये म्हणून पायऱ्यांसमोर उंच लोखंडी कुंपणे उभारली गेली. उभे राहण्याची जागा कोंडवाड्यांत विभागली गेली. प्रेक्षकाला वाचवावे, यापेक्षा त्याला रोखावे हा विचार वरचढ ठरला.

(९/१३)
१५ एप्रिल १९८९. शेफील्डचे हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कपची उपांत्य लढत. बाहेर गर्दी दाटल्यावर पोलिसांनी एक मोठे दार उघडले. परंतु आधीच भरलेल्या मधल्या कोंडवाड्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. पुढे कुंपण, मागून रेटा. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. सर्वांत लहान मृत मुलगा दहा वर्षांचा होता.

(१०/१३)
दोष मात्र चाहत्यांच्या माथी मारला गेला : ते मद्यधुंद होते, त्यांनी दार फोडले. न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी पोलिसांचे नियंत्रण कोलमडणे हे मुख्य कारण ठरवले. तरीही कलंक पुसला जाण्यास २०१६ उजाडले. ज्यूरीने तेव्हाच्या ९६ मृत्यूंना ‘बेकायदेशीर हत्या’ ठरवून चाहत्यांना निर्दोष म्हटले. यासाठी कुटुंबांनी २७ वर्षे झुंज दिली.

(११/१३)
जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात टेलर यांनी सर्व प्रेक्षकांसाठी खुर्च्यांची शिफारस केली. त्यानुसार मोठ्या मैदानांवरील पायऱ्या गेल्या. मात्र त्याच अहवालात त्यांनी हेही सुचवले होते की खुर्चीचे तिकीट परवडणारे असावे. उदाहरण आयब्रॉक्सचे : खुर्चीला ६ पौंड, उभ्याला ४.

(१२/१३)
पहिली शिफारस अमलात आली, दुसरी विस्मरणात गेली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिकिटांचे दर झपाट्याने चढले. स्टेडियम सुरक्षित झाली, स्वच्छ झाली. कुटुंबासह येणे सुकर झाले. पण सहा पेन्सवाल्या कामगाराच्या नातवाला तेथे दर शनिवारी जाणे परवडेनासे झाले. जर्मनीने वेगळी वाट धरली. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूच्या पायऱ्यांवर आजही सुमारे २५ हजार लोक उभे राहतात.

(१३/१३)
इंग्लंडमध्ये २०२२ पासून परवानाप्राप्त मैदानांवर, प्रत्येक रांगेत कठडा असलेल्या जागी, पुन्हा उभे राहता येते. हिल्सबरोत आप्त गमावलेल्या अनेकांना हा निर्णय पटला नाही. काहींना तो न्याय्य वाटला. कोपच्या काही भागातही आता असे कठडे आहेत. गर्दीचा रेटा ते रोखतात. मधोमध कुंपण मात्र कोठेही नाही. त्याच स्टेडियमच्या स्मारकावर ९७ नावे कोरलेली आहेत.