किनवटची वेलांटी कुठे सरकली?

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात इस्लापूर हे गाव आहे. तिथून जवळच पैनगंगेवर सहस्रकुंड धबधबा आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. शिक्षकांच्या एका लहानशा मेळाव्यासाठी आम्ही इस्लापूरला गेलो होतो. तिथे एक बाई या धबधब्यावर पाठ तयार करत होत्या. संगणकाच्या पडद्यावर एका बाजूला माहितीची पीडीएफ पुस्तिका उघडी होती, दुसऱ्या बाजूला पॉवरपॉइंट. काम साधे होते : मजकूर निवडायचा, माऊसने ओढायचा आणि शेजारच्या खिडकीत सोडायचा.

पहिल्या पुस्तिकेतला परिच्छेद सोडल्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी उमटली. दुसऱ्या पुस्तिकेतून मराठी आली, पण ‘किनवट’चे ‘िकनवट’ झाले. वेलांटी पुढे सरकली आणि तिच्याखाली ठिपक्यांचे एक वर्तुळ येऊन बसले. तिसऱ्या पुस्तिकेतला मजकूर तर जागचा हलेनाच. बाई हसून म्हणाल्या, “माझ्याच हाताला वळण नाही.”

दोष त्यांच्या हाताचा नव्हता. तीन पुस्तिकांत तीन निराळे दोष होते आणि प्रत्येकामागे काही दशकांचा इतिहास होता. तो समजला तर निदान सोपे होते, म्हणून तो इथे थोडक्यात मांडत आहोत.

ओढा आणि सोडा

1970 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाची लेखनप्रणाली तयार केली. मजकूर कापणे, त्याची प्रत घेणे आणि तो दुसरीकडे चिकटवणे या क्रिया आज आपण ज्या रीतीने करतो, ती रीत तिथे घडली. छापखान्यात मुद्रिते कात्रीने कापून डिंकाने चिकटवत. नावे तिथूनच आली. 1983 चा ‘लिसा’ आणि 1984 चा ‘मॅकिन्टॉश’ या ॲपल कंपनीच्या संगणकांनी माऊसने ओढण्याची क्रिया सामान्य माणसाच्या हाती दिली. पॉवरपॉइंटही 1987 साली प्रथम मॅकिन्टॉशसाठीच निघाले. पुढे 1993 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या ओएलई या योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीमुळे विंडोजमध्ये एका प्रणालीतील वस्तू उचलून दुसऱ्या प्रणालीत सोडणे शक्य झाले.

आपल्याला वाटते की पडद्यावरची अक्षरे उचलून पलीकडे गेली. प्रत्यक्षात तिथे आठवडी बाजारासारखा व्यवहार होतो. देणारी प्रणाली आपला माल अनेक रूपांत मांडते : हा साधा मजकूर, हा ठळक-तिरप्या अक्षरांसह सजवलेला मजकूर, हे नुसते चित्र. घेणारी प्रणाली त्यातले आपल्याला समजेल असे रूप उचलते. दोघींना समजणारे एकही रूप नसेल, तर माऊसच्या बाणापाशी नकाराची खूण दिसते आणि व्यवहार होत नाही.

साध्या मजकुराचा व्यवहार तर केवळ आकड्यांत होतो. अक्षराचे चित्र पलीकडे जात नाही, त्याचा क्रमांक जातो. तेव्हा कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर म्हणायचे, याचा करार दोन्ही बाजूंना मान्य असायला हवा. इंग्रजीसाठी हा करार 1963 साली ‘आस्की’ या नावाने झाला. मराठीसाठी तो रुळायला पुढे जवळजवळ चार दशके लागली.

खिळ्यांची पेटी आणि 256 घरे

देवनागरीची अडचण संगणकाच्या आधीपासूनची आहे. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना सुंदर वळण दिले. पण काने, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून जुळाऱ्यापुढे शेकडो घरांची पेटी असे. संगणकाच्या फाँटमध्ये मात्र घरे होती जेमतेम 256, आणि तीही इंग्रजीसाठी आखलेली.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग अक्षराला क्रमांक देण्याचा. आयआयटी कानपूरमध्ये आणि 1988 पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ तंत्रावर काम झाले. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा सांकेतांक 1991 साली भारतीय मानक ठरला. यात ‘कि’ हे उच्चाराच्या क्रमाने साठवायचे, म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. वेलांटी डावीकडे काढणे हे पडद्याचे काम.

दुसरा मार्ग जुळाऱ्याचा. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे : इथे अर्धा क, तिथे काना, पलीकडे रफार. वृत्तपत्रे, छापखाने आणि कार्यालये यांना सुबक छपाई ताबडतोब हवी होती. ती या मार्गाने मिळाली आणि त्या काळात मराठी मुद्रण त्यावरच उभे राहिले. परंतु कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने आपापले ठरवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच होता. त्यावर मराठीचा मुखवटा तेवढा चढवलेला होता. बाईंच्या पहिल्या पुस्तिकेचे हेच झाले होते. ओढताना क्रमांक पलीकडे गेले, मुखवटा मागे राहिला.

1991 सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरीची त्यातली मांडणी इस्कीच्या 1988 च्या आराखड्यावर बेतलेली आहे. त्यात ‘क’चा क्रमांक 2325 आणि ऱ्हस्व वेलांटीचा 2367 असा ठरला. विंडोज 2000 मध्ये ‘मंगल’ या फाँटसह त्याला आधार मिळाला. तरी करार पूर्ण व्हायला वेळ लागला. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचा क्रमांक 2008 साली मिळाला.

कागदाची नक्कल

मग युनिकोडमध्ये केलेल्या दुसऱ्या पुस्तिकेत वेलांटी का सरकली? कारण पीडीएफचा जन्म वेगळ्या हेतूने झाला. जॉन वॉर्नॉक यांच्या कल्पनेतून ॲडोबी कंपनीने 1993 साली हे स्वरूप आणले. हेतू असा की कोणत्याही यंत्रावर पान हुबेहूब तसेच दिसावे. त्यामुळे पीडीएफमध्ये मुख्यतः ‘या जागी हा आकार काढ’ अशा सूचना असतात. ‘किनवट’ काढताना डावीकडून आधी वेलांटीचा आकार येतो, मग क चा. कोणत्या आकाराचा युनिकोड क्रमांक कोणता, हे सांगणारा तक्ता सोबत देण्याची सोय 1996 च्या आवृत्तीत झाली. पण तक्ता आकार ओळखतो, उच्चाराचा क्रम सांगत नाही. मजकूर उचलला की तो दिसण्याच्या क्रमाने येतो. आधाराला अक्षर नसलेली वेलांटी पाहून संगणक तिथे ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. रफाराचा घोटाळाही असाच : ‘वर्ग’मधला र साठवताना ग च्या आधी येतो, काढताना मात्र त्याच्या डोक्यावर नंतर बसतो.

तिसरी पुस्तिका तर कागदांची छायाचित्रेच होती. तिच्यात उचलायला अक्षरेच नव्हती.

करून पाहा

अशी अडचण आली तर पुढील क्रमाने तपासावे.

1. माऊसने मजकूर निवडला जातो का? संपूर्ण पान एकाच चित्रासारखे निवडले जात असेल, तर ते छायाचित्र आहे. अक्षरे ओळखणारी प्रणाली वापरावी लागेल. टेसरॅक्ट या मोफत प्रणालीत मराठीची सोय आहे. आलेला मजकूर मात्र मूळ पानाशी ताडून घ्यावा.

2. मजकूर निवडला जातो पण ओढला जात नाही? काही वाचक-प्रणालींत ओढण्याची सोयच नसते. तिथे कॉपी आणि पेस्ट करावे. काही पीडीएफना प्रत घेण्याची बंदी घातलेली असते. पॉवरपॉइंटची फाइल इंटरनेटवरून आली असेल, तर ती संरक्षित दृश्यात उघडते आणि संपादनाची परवानगी दिल्याशिवाय काहीच स्वीकारत नाही.

3. विंडोज व्हिस्टापासून आणखी एक नियम आला आहे. पॉवरपॉइंट ‘प्रशासक’ म्हणून सुरू केले असेल आणि वाचक-प्रणाली साधी असेल, तर खालच्या अधिकाराची खिडकी वरच्या अधिकाराच्या खिडकीत काही टाकू शकत नाही. सुरक्षिततेसाठी ही सोय आहे. दोन्ही प्रणाली साध्या रीतीने सुरू कराव्यात.

4. इंग्रजी खिचडी उमटली? मजकुराला मूळ पुस्तिकेचा फाँट देऊन पाहावा. तो संगणकावर असेल तर मराठी बहुधा परत दिसेल. पण हा तात्पुरता उपाय झाला. दुसऱ्या संगणकावर पुन्हा खिचडीच दिसेल. कायमचा उपाय म्हणजे त्या फाँटसाठीच्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणणे.

5. केवळ वेलांट्या आणि रफार सरकले असतील, तर ते हाताने दुरुस्त करावेत किंवा पुस्तिकेची मूळ फाइल मागून घ्यावी.

इस्लापूरला आम्ही पहिल्या दोन पुस्तिकांचा मजकूर असाच सरळ केला. तिसरीतला अर्धा परिच्छेद बाईंनी स्वतःच टंकित केला. तेवढ्यात एका शिक्षकांनी विचारले, “चित्र म्हणून चिकटवले असते तर? दिसायला तर तेच!”

प्रश्न रास्त होता. भिंतीवर दाखवण्यापुरते चित्र चालते. पण त्यांच्याच ओळखीत दृष्टिहीन मुलगा असेल आणि तो पडदावाचक प्रणालीने ऐकून शिकत असेल, तर चित्रासमोर ती प्रणाली मुकी होते आणि खिचडीसमोर बरळते. शोध घेणाऱ्यालाही असा मजकूर सापडत नाही. 1990 च्या दशकात आणि त्यानंतर कितीतरी वर्षे मराठीत टंकित झालेली माहितीपत्रके, शाळांची हस्तलिखिते, गावांचे इतिहास अशाच मुखवट्यांखाली पडून आहेत. ते फाँट ज्या संगणकांवर होते, ते संगणक एकेक करून भंगारात जात आहेत.

आपल्या शाळेच्या कपाटात एखादी जुनी सीडी असेल. ती आजच लावून पाहावी. आतला मजकूर वाचता आला नाही, तर मुलांसह बसून एक पान तरी युनिकोडमध्ये आणावे. एका पानात किती वेलांट्या जागेवर आणाव्या लागतात, हे मुले मोजतीलच. आपली लिपी लिहिली एका क्रमाने जाते आणि उच्चारली दुसऱ्या क्रमाने, हा धडाही त्यांना त्यातूनच मिळेल.