वाफेचे इंजिन आणि 'जरा कमी'चे गणित

वाफेच्या इंजिनाचा वेग कायम राखणारा फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वापरात आणला, हे आपण वर्गात शिकवतो. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटते. पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी अशाच एका इंजिनावर संगणकाची परीक्षा झाली. ती गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी (१९४२–२०१०) संशोधन करीत होते. त्यांचा जन्म टांझानियातला, शिक्षण भारतात झालेले. १९६६ मध्ये ते इंग्लंडला गेले. त्यांच्या आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांच्यापुढे प्रयोगशाळेतले एक लहान इंजिन होते. बाष्पपात्रातील दाब आणि इंजिनाचा वेग, दोन्ही ठरावीक ठेवायचे होते. हाती दोनच उपाय होते : बाष्पपात्राला द्यायची उष्णता आणि झडपेची उघडझाप. पण एकाला हात लावला की दुसरेही बदले. शिवाय इंजिनाचे गुणधर्म काळानुसार बदलत, त्यामुळे नेहमीचा नियंत्रक पुनःपुन्हा जुळवून घ्यावा लागे.

अनुभवी चालक मात्र समीकरणे न मांडताच यंत्र सांभाळतो. "दाब जरा कमी आहे आणि उतरतोच आहे, तर उष्णता बरीच वाढवा," एवढे त्याला पुरते. हे 'जरा' आणि 'बरीच' संगणकाला कसे समजावायचे?

उत्तर लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'फझी' संचांत होते. नेहमीच्या संचात एखादा घटक असतो किंवा नसतो; झादे यांच्या संचात तो ०.७ इतकाही असू शकतो. समजा, आताचा दाब 'जरा कमी' या वर्णनात ०.७ इतका बसतो आणि 'उतरतो आहे' यात ०.४ इतका. दोन्ही अटी एकदम हव्यात, म्हणून लहान अंक घ्यायचा. नियम ०.४ इतक्या जोराने लागू झाला. सगळे नियम असे तपासून, त्यांचा मेळ घालून उष्णतेचा एकच आकडा काढायचा. सुमारे दोन डझन नियमांवर ते इंजिन उत्तम चालले. १९७४-७५ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

तज्ज्ञांनी शंका घेतल्या, आणि त्या रास्त होत्या : यंत्र कधीच भरकटणार नाही, याची गणिती हमी कुठे आहे? तरीही १९८०च्या सुमारास डेन्मार्कमधील अभियंत्यांनी हीच पद्धत सिमेंटच्या भट्टीला लावली. त्यांना प्रेरणा मिळाली ती भट्टीचालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातील नियमांची! १९८७ मध्ये जपानच्या सेंदाई शहरातील भुयारी रेल्वे अशा नियंत्रणावर धावू लागली. संगणक आणि भौतिक यंत्र यांच्या अशा जोडणीला 'सायबर-फिजिकल प्रणाली' हे नाव मिळाले ते २००६च्या सुमारास, म्हणजे खूपच नंतर.

आम्हाला यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. कामगाराच्या हातातले कसब हेही ज्ञानच आहे, हे या प्रयोगाने दाखवले. दुसरे असे, की इंजिन चुकले तर कोणता नियम चुकला हे वाचून सांगता येत होते. आजची न्यूरल जाळी उदाहरणांवरून शिकतात, अधिक अवघड कामे करतात, पण "असे का केलेस?" या प्रश्नाचे त्यांच्याकडून सरळ उत्तर मिळत नाही. यंत्राच्या हाती भट्टी किंवा गाडीचा ब्रेक असेल, तर तो प्रश्न सोडून देता येत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. दूध उतू न जाता तापवण्याचे नियम विद्यार्थ्यांना 'जर-तर' अशा वाक्यांत लिहायला सांगावेत. पाच नियमही पुरतात का, हे त्यांचे त्यांनाच कळेल.