तंजावरचे मराठी कलाधन

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भिंतीवर कोरलेला एक प्रदीर्घ मराठी लेख आहे. भोसले कुळाचा हा इतिहास सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. चोळांच्या देवालयात, तमिळ लेखांच्या सान्निध्यात आपली मायबोली पाहून महाराष्ट्रातून गेलेल्या यात्रेकरूचा ऊर भरून यावा, हे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानाच्या त्या भरात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. कावेरीच्या काठी मराठी माणसांनी जी कला निर्माण केली, ती कितपत मराठी राहिली?

शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरचे अधिपती झाले. त्यांच्या वंशाची गादी १८५५ पर्यंत चालली. म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षे हे मराठी घराणे तमिळ प्रजेवर राज्य करीत होते. आणि त्याच्या दरबारात पूर्वीच्या नायक राजांपासून चालत आलेली तेलुगू विद्याही नांदत होती. तीन भाषांच्या या संगमावर कोणतीही कला सोवळी राहणे शक्य नव्हते.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) हे स्वतः नाटककार होते. त्यांनी तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंध’ रचला, तसेच मराठीत नाटके लिहिली. त्यांपैकी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे विशेष प्रसिद्ध आहे. या नावापाशीच आपण अडखळतो. आपल्याकडे ‘कल्याण’ म्हणजे भले होणे, क्षेमकुशल. दक्षिणेत मात्र कल्याण म्हणजे लग्न. नाटक मराठी, पण त्याचे शीर्षक समजून घ्यायला कावेरीकाठीच जावे लागते! आत पाहावे तर पदांवर कर्नाटक संगीतातले राग आणि ताल घातलेले; पात्र रंगभूमीवर येते ते ‘दरू’ नावाच्या पदातून. ही सारी यक्षगानाची रीत होय. शब्द आपले खरे, परंतु नाटकाचा सांगाडा तिथल्या मातीचा आहे.

विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते १८४३ मध्ये. त्याच्या दीडशे वर्षे आधी मराठी नाटक होते, असे तंजावरकडे बोट दाखवून सांगण्याचा मोह अनेकांना झाला आहे. कालगणना म्हणून ते बरोबरही आहे. परंतु भाव्यांपर्यंत तंजावरचा धागा पोचला होता, असे मला वाटत नाही. भाव्यांच्या प्रयोगामागची प्रेरणा वेगळी आहे. कारवार भागातल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीस झाला, आणि तो पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी तसे काही मराठीत करण्याची आज्ञा केली. तो खेळही यक्षगानाच्याच कुळातला. तेव्हा तंजावरचे नाटक हे सांगलीच्या नाटकाचे पूर्वज नव्हे. दोघे एका दक्षिणी कुळाचे नातेवाईक आहेत, आणि त्यांची परस्परांशी ओळखही झालेली नव्हती. अग्रपूजेच्या वादात हे नाते आपल्या ध्यानात आले नाही, याची मला खंत वाटते.

कीर्तनाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर प्रांतात होते, आणि मराठी कीर्तनकारांचे येणेजाणे दीर्घकाळ चालू होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर तेथे राहिले. त्यांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे वळण दिले. कथा तमिळ श्रोत्यांसाठी, भाषा तमिळ, संगीत कर्नाटक पद्धतीचे. पण मधूनमधून साकी येते, दिंडी येते, ओवी आणि अभंग येतात. दक्षिणेतल्या रसिकाला हे हरिकथेचेच अलंकार वाटतात. पंढरीच्या वाटेवरची दिंडी त्याने कधी पाहिलेली नसते, म्हणून रसास्वादात काही उणे पडत नाही. नाटकात भाषा आपली राहिली आणि रूप परके झाले. इथे रूप आपले राहिले आणि भाषा परकी झाली. यांतले अधिक मराठी कोणते, हे ठरवायला बसलेल्या पंडिताची मला थोडी कीव येते.

सरफोजीराजांना श्वार्ट्झ या मिशनरी गुरूकडून युरोपीय विद्येची गोडी लागली होती. त्यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाची मराठी रचना आहे. कुरवंजी हा अस्सल तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातली भटकी कुरव स्त्री येते, नायिकेचा हात पाहते, भविष्य सांगते आणि आपल्या डोंगरांचे, नद्यांचे वर्णन करते. सरफोजींच्या रचनेत हीच बाई साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगू लागते. तमिळ डोंगरातली जोगीण, तोंडी मराठी, आणि वर्णन युरोपादी खंडांचे! तमिळ प्रेक्षकाला तिची भाषा परकी, पुण्याच्या प्रेक्षकाला तिचा वेष अपरिचित. तंजावरच्या दरबारात मात्र तिचे बोलणे आणि तिचे येणे, दोन्ही एकदम कळणारी माणसे होती.