कुरकुरीत कोळंबी : ओल टाळणे महत्त्वाचे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे ६९० मीटर उंचीवर वसले आहे. राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. किनाऱ्यावरील कोळंबी, म्हणजेच मालवणी सुंगटे, घाट चढून येथे पोहोचतात. दमट हवेत रवा ओल धरतो आणि तळलेली कोळंबी मऊ पडते. त्यामुळे तळण्याआधीची तयारी महत्त्वाची ठरते.

पाव किलो कोळंबीची कवचे व पाठीवरील काळा धागा काढावा. कोळंबी धुऊन कापडाने कोरडी करावी. हळद, लाल तिखट, आले-लसणाचे वाटण व दोन चमचे कोकमाचे आगळ लावून १५ मिनिटे ठेवावी. आगळ खारट असल्याने मीठ बेतानेच घालावे. बारीक रवा कोरडा भाजून, थंड करून त्यात थोडे तांदळाचे पीठ मिसळावे. कोळंबीला सुटलेले पाणी निथळून ती या मिश्रणात घोळवावी व लगेच तळावी.

तेल चांगले तापल्यावर कोळंबी थोडी थोडी सोडावी. एकदम सोडल्यास तेल निवते व आवरण तेल पिते. दोन-तीन मिनिटांत आवरण सोनेरी होते. अधिक तळल्यास कोळंबी चिवट होते. तळलेली कोळंबी जाळीवर ठेवावी. वर झाकण ठेवू नये, कारण कोंडलेल्या वाफेने कुरकुरीतपणा जातो.

पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात गोठवलेली कोळंबी वापरल्यास ती फ्रीजमध्ये पूर्ण सुटी होऊ द्यावी आणि नीट टिपून घ्यावी.